साइटवर टिकेल असा फोन कसा निवडावा: फिल्डवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

वायरमन, भूकरमापक, पाणीपुरवठ्याच्या लाइनवरचा साइट इंजिनीअर, वनरक्षक, क्रशरवरचा सुपरवायझर, बंदरावर मासळीचा हिशेब ठेवणारा माणूस. या सगळ्यांचं निम्मं काम आता फोनवर आलं आहे. खांबाचा फोटो लोकेशनसकट टाकायचा, मजुरांची हजेरी ॲपवर घ्यायची, मोजणी अपलोड करायची. फोन बंद पडला तर काम होऊनही त्याची नोंद राहत नाही, आणि बिलं नोंदीवरच निघतात. त्यामुळे फिल्डवर नवीन आलेल्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठला रगेड फोन घेऊ?" रगेड म्हणजे धूळ, पाणी आणि आपटणं सोसेल असा दणकट फोन.

मी याला एका मॉडेलचं नाव कधीच सांगत नाही. एका साइटवर वर्षानुवर्षं चालणारा फोन दुसऱ्या साइटवर पहिल्याच पावसाळ्यात आटोपतो. फोन कामाच्या जागेवरून निवडायचा. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर दुकानात पाऊल टाकायची वेळ बरीच नंतर येईल, आणि ते बरंच आहे.

१. आपल्या कामावर फोन कशाने जातात ते विचारा

जुन्या सहकाऱ्यांना गाठा आणि प्रत्येकाला एकच विचारा: आधीचा फोन कशाने गेला? पडून फुटलेले फोन निघतीलच. पण चार्जिंगच्या पिनमध्ये चिखल बसलेले, उन्हात बॅटरी फुगलेले, माइकच्या जाळीत सिमेंट जमून समोरच्याला आवाज जाईनासा झालेले फोनही निघतील. हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

कोकणात रस्त्याच्या कामावर पाणी आणि लाल चिखल. चंद्रपूरकडे कोळसा खाणीवर किंवा सिमेंट कारखान्यात धूळ आणि वर एप्रिल-मेचं ऊन. वायरमनला खांबावरून फोन निसटण्याची भीती. बोटीवर खारं पाणी. डेअरीत रोजची गरम पाण्याची धुलाई. आपल्या जागेचे पहिले दोन शत्रू कागदावर लिहा. सगळ्यांपासून वाचवणारा फोन शोधत बसलात तर हातात अर्धा किलोची वीट येईल, आणि ती तुम्ही महिन्याभरात गाडीच्या डिकीत ठेवून द्याल.

इथेच आणखी एक गोष्ट ठरवून टाका: खरोखर रगेड फोन हवाय का? दिवसातला बराच वेळ ऑफिसात आणि अधूनमधून साइटवर चक्कर असेल, तर पाण्या-धुळीचं चांगलं मानांकन असलेला साधा मध्यम किमतीचा फोन आणि कोपरे जाड असलेलं कव्हर पुरतं. गेल्या काही वर्षांत हे फोन बरेच सुधारले आहेत (पुढच्या ओळीतले आयपीचे आकडे आणि लष्करी मानक काय ते मुद्दा ३ आणि ४ मध्ये आहे). २०२४ मध्ये ओप्पोचा एफ२७ प्रो प्लस आयपी६९ मानांकनासह भारतात आला, मोटोरोलाचा एज ५० आयपी६८ आणि लष्करी मानकाच्या दाव्यासह आला. दोन्ही दिसायला चारचौघांसारखे. उलट अस्सल रगेड फोन बहुतेक वेळा तीनशे ग्रॅमच्या पुढे असतो, त्याचा कॅमेरा त्याच किमतीच्या साध्या फोनपेक्षा डावा असतो आणि प्रोसेसर एखादी पिढी मागचा. ही किंमत मोजायची ती रोज उघड्यावर, हातमोजे घालून, चिखलात काम असेल तरच.

२. वायू किंवा स्फोटक धूळ असेल, तर बाकी सगळं थांबवा

हा मुद्दा मी मुद्दाम वर घेतलाय, कारण यात फोनपेक्षा माणसाचा जीव मोठा आहे. रगेड फोन म्हणजे स्फोटापासून सुरक्षित फोन, असा गैरसमज साइटवर सर्रास आहे. दोन्हींचा काहीही संबंध नाही. पाण्यात बुडून चालणारा, दगडावर आपटून न फुटणारा फोनसुद्धा आतून साधाच असतो. त्याच्या बॅटरीत आणि सर्किटमध्ये ज्वलनशील वायू पेटवण्याइतकी ऊर्जा असू शकते.

माहुलच्या रिफायनऱ्या, मनमाडजवळचा पानेवाडीचा इंधन डेपो, तारापूर, तळोजा, लोटे परशुरामच्या एमआयडीसीतले रासायनिक कारखाने, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या भूमिगत खाणी: अशा ठिकाणी नेमणूक असेल तर फोन तुमच्या आवडीचा विषय राहत नाही. तिथे लागतो तो 'इंट्रिन्सिकली सेफ' फोन, म्हणजे ज्याच्या ठिणगीने किंवा उष्णतेने वायू पेटणार नाही अशा बेताने बनवलेला. त्यावर षटकोनात 'ईएक्स' अक्षरं असतात आणि पुढे तो कुठल्या झोनसाठी चालतो ते लिहिलेलं असतं. वायूच्या जागांचे झोन ०, १ आणि २. शून्यात वायू सतत किंवा दीर्घकाळ असतो, एकमध्ये नेहमीच्या कामात अधूनमधून येतो, दोनमध्ये सहसा नसतो आणि आलाच तर थोडा वेळ. धुळीसाठी तेच २०, २१, २२. झोन २ साठी मंजूर असलेला फोन झोन १ मध्ये न्यायचा नाही, एवढं पक्कं डोक्यात ठेवा.

युरोपात यासाठी ॲटेक्सचं प्रमाणन असतं, आंतरराष्ट्रीय पातळीवर आयईसीईएक्सचं. आपल्याकडे पेट्रोलियमच्या ठिकाणी पेसो या पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेची मंजुरी लागते, तिचं मुख्यालय नागपुरातच आहे. खाणींसाठी धनबादचं डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय. बॉक्सवर ॲटेक्स लिहिलंय म्हणून खाणीत चाललं, असं होत नाही. सेफ्टी ऑफिसरला विचारा, लेखी घ्या, आणि त्यांनी दिलेलाच फोन न्या. असा फोन धोक्याच्या क्षेत्रात चार्जिंगला लावत नाहीत, त्याची बॅटरी तिथे उघडत नाहीत, आणि त्याची काच तडकली की तो सुरक्षित धरला जात नाही.

साखरेची बारीक भुकटी, पीठ आणि धान्याची धूळसुद्धा हवेत दाट झाली की पेटते. साखर कारखान्यात किंवा सायलोवर काम असेल तर हाच प्रश्न तिथेही विचारा.

३. आयपीचे दोन आकडे नीट वाचा

पाणी आणि धूळ यांचं मानांकन आयईसी ६०५२९ या मानकावरून येतं. 'आयपी' नंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा.

धुळीचा आकडा ६ असेल तर धूळ आत शिरत नाही. ५ असेल तर थोडी शिरते, पण काम बिघडवण्याइतकी नाही. क्रशर, सिमेंट, कोळसा, वीटभट्टी इथे ६ च घ्या. आकड्याच्या जागी 'एक्स' असेल, म्हणजे आयपीएक्स८ वगैरे, तर धुळीची चाचणी झाल्याचा दावाच कंपनीने केलेला नाही.

पाण्याच्या आकड्यात लोक फसतात. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. ८ म्हणजे त्यापेक्षा कडक अटीत, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी स्वतः सांगते. म्हणून दोन आयपी६८ फोन सारखे नसतात. बारीक अक्षरात "१.५ मीटर, ३० मिनिटं" असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते शोधून वाचा. आता गंमत अशी की बुडवण्याची चाचणी पास झालेला फोन पाण्याची जोरदार धार सहन करेलच असं मानकात कुठेही धरलेलं नाही. धारेची चाचणी ५ आणि ६ या आकड्यांची. ६ च्या चाचणीत मिनिटाला शंभर लिटर पाणी फोनवर मारतात. म्हणून चांगल्या कंपन्या "आयपी६६/आयपी६८" अशी दोन्ही मानांकनं लिहितात. जेटने मशिन धुणारे, टँकरवाले, पाइपलाइन टेस्टिंग करणारे, यांनी असं दुहेरी मानांकन बघावं.

आयपी६९ आणि आयपी६९के म्हणजे ऐंशी अंशांचं गरम पाणी, प्रचंड दाबाने, अगदी जवळून. 'के' वालं मानांकन मूळ जर्मनीतलं, वाहनांसाठी आलेलं. डेअरी, मासळी प्रक्रिया, कत्तलखाने, जिथे रोज गरम पाण्याने धुलाई होते तिथे याचा खरा उपयोग. डोंगरात भटकणाऱ्याला त्याचं काही विशेष नाही.

या सगळ्या चाचण्या नव्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात होतात. समुद्राचं पाणी, साबणाचं पाणी, डिझेल, फवारणीचं औषध यातलं काहीही त्यात नसतं. रबरी सील जुनं होतं, उन्हाने कडक पडतं. एकदा फोन गल्लीतल्या दुकानात उघडला की त्याचं आयपी मानांकन संपलं असं धरा. आणि आयपी६८ लिहिलेलं असूनही पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. फोन घेण्याआधी वॉरंटीचं कार्ड वाचा.

आता चार्जिंगच्या झाकणाबद्दल, कारण माझ्या मते निम्मे रगेड फोन इथेच मरतात. बऱ्याच रगेड फोनना पोर्टवर रबरी झाकण असतं आणि पाण्याचं मानांकन झाकण बंद असतानाचंच असतं. ते झाकण नखाने उघडून बघा. त्याच्या आतल्या बाजूला पोर्टच्या आकाराचा एक उंचवटा असतो आणि भोवती पातळ कड. दाबल्यावर ती कड चारही बाजूंनी सारखी बसली पाहिजे. एक कोपरा जरी वर राहिला तरी पाणी तिथूनच जाणार. मग ज्या बारीक रबरी पट्टीने झाकण फोनला जोडलेलं आहे ती बघा. दिवसातून दोनदा उघडबंद केल्यावर पहिल्यांदा तीच तुटते. सुटं झाकण वेगळं विकत मिळतं का, हे विक्रेत्याला विचारा. झाकणाशिवायच पाणीरोधक असलेला पोर्ट मिळाला तर उत्तम. त्याहून बरं म्हणजे पाठीवर किंवा कडेला चार्जिंगचे धातूचे ठिपके किंवा वायरलेस चार्जिंग. रोज पोर्टमध्ये वायर खुपसायची वेळच येत नाही, आणि पिन ढिली होण्याचं दुखणं मिटतं.

४. 'मिलिटरी ग्रेड' या शब्दांमागे काय आहे

बॉक्सवर एमआयएल-एसटीडी-८१०एच असं लिहिलेलं असतं. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचण्यांचं मानक. 'जी' आवृत्ती २००८ ची, 'एच' २०१९ ची. पडणं, कंपन, तापमान, दमट हवा, खारा फवारा, वाळू अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती त्यात आहेत. सर्वात जास्त मिरवली जाते ती पडण्याची: १२२ सेंटिमीटरवरून सव्वीस वेळा. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे, म्हणून सव्वीस.

ऐकायला दणदणीत आहे, पण तीन गोष्टी माहीत असाव्यात. फोन या मानकात बसतो असं प्रमाणपत्र देणारी कोणतीही सरकारी संस्था नाही. कंपनी स्वतः किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून चाचणी करून घेते आणि दावा करते. सगळ्या चाचण्या करायचं बंधन नाही, आपल्याला हव्या त्या निवडता येतात. आणि ते सव्वीस वेळा पडणं एकाच फोनचं असलं पाहिजे असंही नाही, पाच नमुन्यांपर्यंत वाटून घेण्याची मुभा त्यात आहे. शिवाय 'जी'मध्ये फोन पडतो तो काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवूडवर. आपल्याकडे पडतो तो खडीवर, सळईच्या टोकावर.

म्हणून कंपनीच्या साइटवर जाऊन कुठल्या चाचण्या केल्या त्यांची यादी आहे का बघा. यादी असलेली कंपनी नुसतं 'मिलिटरी ग्रेड' छापणाऱ्या कंपनीपेक्षा नक्की बरी. मग फोन हातात घेऊन कडा तपासा. टेबलावर पालथा ठेवला तर काच टेबलाला लागते का? चौकट काचेपेक्षा जराशी वर उचललेली हवी. चारही कोपऱ्यांवर जाड रबर हवं, कारण फोन सपाट क्वचित पडतो. काच कितीही नामवंत असली तरी वाळूतल्या गारगोटीचा कण तिच्यापेक्षा कठीण असतो आणि ओरखडा काढतोच. नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूत काम असेल तर स्क्रीनगार्ड लावाच.

५. ऊन, बॅटरी, आणि दहा हजार एमएएचची हाव

साध्या फोनच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान बहुधा शून्य ते पस्तीस अंश असतं. लिथियम-आयन बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नये, हा सर्वसाधारण नियम. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतलं तापमानच पंचेचाळीसच्या आसपास असतं. मग उन्हात ठेवलेला फोन स्क्रीन अंधारी करतो, कॅमेरा बंद करतो, चार्जिंग थांबवतो. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. जीपच्या डॅशबोर्डवर तापमान साठच्या पुढे जातं; तिथे ठेवलेल्या फोनची बॅटरी फुगली तर नवल नाही.

माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान दिलंय का ते शोधा. पन्नास किंवा साठ अंश लिहिलेले रगेड फोन असतात. आणि कव्हर काढून फोन सावलीत ठेवायची सवय लावून घ्या, कुठलाही फोन घेतला तरी.

बॅटरीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: ज्यांना संध्याकाळी वीज मिळते त्यांनी प्रचंड बॅटरीच्या मागे लागू नये. दहा हजार एमएएचचा फोन खिशात ओढतो, हळू चार्ज होतो, आणि त्याच वजनामुळे पडल्यावर जास्त जोराने आपटतो. चार-पाच हजार एमएएच आणि बदलता येणारी बॅटरी हे त्याहून चांगलं. सॅमसंगच्या एक्सकव्हर ७ मध्ये ४०५० एमएएचची बॅटरी पाठचं झाकण काढून बदलता येते. दुपारी दुसरी टाकली की पुन्हा शंभर टक्के, आणि दोन वर्षांनी बॅटरी दमली तर फोन न उघडता नवीन घालता येते. झाकण परत बसवताना मात्र चारही कडांवर अंगठा फिरवून दाबा आणि आतल्या रबरी पट्टीवर कण नाही ना ते बघा. मोठी बॅटरी हवी ती मुक्काम जंगलात असणाऱ्यांना, मेळघाटात गस्तीवर जाणाऱ्या वनरक्षकाला, भामरागडकडच्या सर्व्हेला. तिथे वीज तीन दिवसांनी दिसली तरी पुष्कळ.

६. हातात घेऊन करायच्या चाचण्या

शक्य असेल तर सहकाऱ्याचा किंवा दुकानातला डेमो फोन अर्धा तास मागून घ्या. आपले कामाचे हातमोजे बरोबर न्या.

भर दुपारी बाहेर उभे राहा आणि नकाशा उघडा. स्क्रीनची चमक निट्समध्ये मोजतात. पाचशे निट्सची स्क्रीन उन्हात डोळे बारीक करायला लावते, हजारच्या आसपासची निभावून नेते. आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. उन्हाचा चष्मा वापरत असाल तर तो लावून फोन आडवा-उभा फिरवा, काही स्क्रीन एका दिशेने काळ्याच दिसतात.

बोटं ओली करून नंबर डायल करा. पावसात पाण्याचे थेंबच स्क्रीनवर बटणं दाबतात, फोन उचलायला जाल तर कटतो. सेटिंगमध्ये हातमोज्यांसाठी टचची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, ती चालू करून स्वतःच्या मोज्यांनी टाइप करून बघा. वायरमनच्या जाड रबरी मोज्यांनी कुठलाच फोन धड चालत नाही, आणि चालू वाहिनीजवळ मोजा काढून फोन उचलण्याचा मोह तर कधीच नको. अशांसाठी कडेला असलेलं, हवं ते काम नेमून देता येणारं बटण फार मोलाचं. त्याला टॉर्च, कॅमेरा किंवा वॉकीटॉकीसारखं बोलणं नेमून देता येतं.

जनरेटरशेजारी उभे राहून फोन करा. समोरच्याला तुमचं ऐकू येतं का आणि तुम्हाला रिंग ऐकू येते का, हे दोन्ही तपासा.

गोदामात दिवसाला शेकडो बारकोड वाचायचे असतील तर कॅमेऱ्याने भागणार नाही. त्यासाठी झेब्रा, हनीवेल यांची स्कॅनर बसवलेली यंत्रं असतात; महाग आहेत, आणि ती कंपनीने द्यायची, स्वतःच्या खिशातून घ्यायची नाहीत. उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा असलेले रगेड फोनही मिळतात. सैल झालेलं कनेक्शन किंवा तापलेलं फीडर शोधायला ते खरंच उपयोगी पडतात. बाकीच्यांनी त्यासाठी पैसे घालवू नयेत.

७. रेंज आणि लोकेशन

परदेशातून मागवलेल्या किंवा ऑनलाइन फारशा माहीत नसलेल्या कंपनीच्या फोनमध्ये ही मोठी खोच आहे. नेटवर्क ठरावीक बँडवर, म्हणजे वारंवारितेच्या पट्ट्यांवर चालतं आणि फोनला ते पट्टे पकडता यावे लागतात. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, आणि जिओचं २जी-३जी नाहीच. म्हणजे फोनवर जिओचं व्होल्टे (४जीवरून कॉल करण्याची सोय) चालत नसेल तर इंटरनेट येईल पण साधा कॉल लागणार नाही. मेळघाट, गडचिरोलीसारख्या भागात अनेक ठिकाणी आधार बीएसएनएलचाच. त्यांचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड २८ आणि १. फोनच्या माहितीत बँड २८ नसेल तर जंगलातल्या टॉवरखाली उभं राहूनही डोकं आपटावं लागेल. ५जीसाठी आपल्याकडे एन७८ आणि एन२८ बघा. दोन सिमची सोय हवीच. अनेक फोनमध्ये दुसऱ्या सिमचीच जागा मेमरी कार्डाला दिलेली असते, तेही बघून घ्या.

लोकेशनबद्दल अपेक्षा आधी नीट ठरवा. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो. झाडाखाली, दरीत, इमारतीच्या भिंतीशी ती चूक वाढते. उपग्रहांच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही वारंवारिता घेणारा फोन अशा ठिकाणी सरस ठरतो, कारण भिंतीवरून उसळून आलेला सिग्नल त्याला बराचसा ओळखता येतो. आपली भारतीय उपग्रह प्रणाली नाविकही एल५ वर चालते. जीपीएसटेस्ट नावाच्या मोफत ॲपमध्ये फोन कुठले उपग्रह आणि कुठली वारंवारिता पकडतो ते दिसतं, डेमो फोनवर तेवढं बघता आलं तर बघा. ई-पीक पाहणीला, खांबांच्या नोंदीला, गस्तीच्या वाटेला एवढी अचूकता पुरते. बांधाची हद्द मात्र फोनवर ठरवायची नाही. सेंटिमीटरची अचूकता हवी तर वेगळा आरटीके रिसीव्हर लागतो. फोन त्याला ब्लूटूथने जोडून फक्त पडद्याचं काम करतो.

उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सोय असलेला फोन परदेशी जाहिरातीत दिसला तर थांबा. आपल्याकडे थुराया, इरिडियमचे फोन आणि तशी संदेशयंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे. समुद्रावर जाणाऱ्यांसाठी सरकारी मार्ग आहे: बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेची देशपातळीवरची सुरुवात ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरलाच झाली. त्यावरून रेंजबाहेरही संदेश देता-घेता येतो. मासेमारी करणाऱ्यांनी फोनवर जास्त पैसे घालण्याआधी त्याची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्यात करावी.

८. कंपनी मागे उभी राहणार का?

रगेड फोन माणूस चार-पाच वर्षांच्या हिशेबाने घेतो, म्हणून हा प्रश्न साध्या फोनपेक्षा इथे जास्त महत्त्वाचा. कॅट आणि मोटोरोला डिफाय या नावांनी रगेड फोन बनवणारी ब्रिटनची बुलिट कंपनी जगभर नावाजलेली होती. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद पडली. फोन लोकांच्या हातात राहिले, ते बनवणारी कंपनी राहिली नाही. मोठ्या बॅटरीचे, कमी किमतीचे अनेक चिनी रगेड फोन ऑनलाइन मिळतात. त्यांचं कवच खरोखर दणकट असतं, पण स्क्रीन फुटली तर ती बदलून देणारा जवळपास कोणी नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटर आहे का, तिथे त्या मॉडेलची स्क्रीन आणि बॅटरी मिळते का, हे फोन करून विचारा. त्यांनी "मागवावी लागेल" म्हटलं तर किती दिवसांत तेही.

डेमो फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून सुरक्षा अपडेटची तारीख बघा. वर्षभर जुनी असेल तर तो फोन सोडून द्या. अपडेट थांबले की काही काळाने बँकेची आणि सरकारी ॲप चालेनाशी होतात, मग दणकट कवचाचा उपयोग काय? गूगलची 'अँड्रॉइड एंटरप्राइज रेकमेंडेड' नावाची यादी आहे, तिच्यात रगेड फोनचा वेगळा विभाग आहे. तिथलं मॉडेल असेल तर अपडेटची काळजी बरीच कमी होते.

भारतात विकायच्या फोनवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, बीआयएस केअर ॲपवर तो तपासता येतो. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक काढा, बॉक्सवरच्या क्रमांकाशी जुळवा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सेकंडहँड घेत असाल तर हे केल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि सेकंडहँड रगेड फोन पाण्यासाठी भरवशाचा धरू नका, तो कधी उघडला गेला ते कुणालाच ठाऊक नसतं.

९. घेतल्यानंतरचे पहिले दिवस आणि रोजची निगा

उंचीवर काम असेल तर पहिल्या दिवशीच दोरी लावा. रगेड फोनना बहुतेक वेळा कोपऱ्यात दोरी ओवायची जागा असते. ती कमरपट्ट्याला अडकवा, गळ्यात नको; गळ्यातली दोरी यंत्रात किंवा शिडीत अडकते. हे फोन वाचवण्यापेक्षाही खाली उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. तीनशे ग्रॅमचा फोन नऊ मीटरच्या खांबावरून कुणाच्या डोक्यात पडला तर काय होईल याचा विचार करा.

मोटारसायकलच्या हँडलवर फोन लावून फिरत असाल तर कॅमेऱ्याकडे लक्ष द्या. इंजिनाच्या सततच्या कंपनांनी स्थिर चित्र देणाऱ्या कॅमेऱ्यातली यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना स्पष्ट कळवलं होतं. तीच यंत्रणा इतर कंपन्यांच्या फोनमध्येही असते. कंपन शोषणारा माउंट घ्या किंवा खिशात ठेवून कानात सूचना ऐका.

खाऱ्या पाण्यात भिजला तर घरी आल्यावर झाकणं बंद ठेवून गोड्या पाण्याच्या संथ धारेखाली धरा, मऊ कापडाने पुसा, पोर्ट खाली करून हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, कण आणि पीठ पोर्टमध्ये जातं. पूर्ण कोरडा झाल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही; ओल्या पिनेत वीज गेली की धातूवर हिरवट गंज चढतो. माइक आणि स्पीकरच्या जाळ्या आठवड्यातून एकदा कोरड्या, मऊ टूथब्रशने झाडा. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, तिने आतलं सील सुटतं. सिमची खाच आणि झाकणं महिन्यातून एकदा उघडून कडेवरचा कचरा पुसून घ्या.

कामाची ॲप रेंज नसताना चालतात का, हे गावातून निघण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघा. नकाशे उतरवून ठेवा. संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर दिवसाचे फोटो अपलोड झाले ना, ते पाहूनच फोन बाजूला ठेवा.

आयएमईआय क्रमांक आणि खरेदीची पावती यांचा फोटो घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचं सिम पुन्हा काढा, आणि तक्रारीची प्रत जोडून दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. ब्लॉक झालेला फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही, आणि सापडला तर तिथूनच पुन्हा सुरू करून घेता येतो.